वाट विचारणाऱ्याचं नाव

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. रविवारी फजर घरीच पढली, थर्मासमध्ये चहा भरला, कितमीरच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि अंधारातच कोंढव्यातून निघालो. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका आणि मग चेलाडी फाटा. इथून एक रस्ता नसरापूर, मार्गासनीवरून वेल्ह्याला जातो. हायवेने थोडं पुढे गेलं की कापूरहोळहून दुसरा रस्ता भोरला जातो. मला जायचं होतं ते या दोन रस्त्यांच्या मधल्या डोंगरात.

मी आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात बसतो. शनिवार-रविवारपैकी एक दिवस डोंगरात पळतो. याला हल्ली ट्रेल रनिंग म्हणतात. पुण्यात आता हा प्रकार चांगलाच रुजला आहे. सिंहगडाहून निघून राजगड-तोरण्याकडे जाणारी ‘एसआरटी अल्ट्रा’ ही शर्यत तर देशभरातल्या धावपटूंना माहीत आहे. पण रविवारी सिंहगडावर पाय ठेवायला जागा नसते आणि राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात गाडी लावायला. त्यामुळे गर्दीपासून लांब, कुणाच्या फारशा माहितीत नसलेल्या ‘नव्या’ वाटा शोधायच्या, असं मी वर्षभरापूर्वी ठरवलं. हा लेख त्या ‘नव्या’ या शब्दाबद्दल आहे. आणि थोडासा माझ्या नावाबद्दल.

आधी कितमीरबद्दल सांगायला हवं, कारण वाचकांपैकी निम्म्यांचा प्रश्न तिथेच अडकला असेल. चार वर्षांपूर्वी भर पावसात मुलीने पार्किंगमधून एक पिल्लू वर आणलं. गावठी, तांबूस, एक कान पडलेला. अम्मींनी दारातच अडवलं. ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस आपल्या घराघरात लहानपणापासून ऐकलेली असते. मुलीने उत्तर शोधून ठेवलं होतं. कुरआनातल्या सूरह कहफमध्ये गुहेत आसरा घेतलेल्या तरुणांची गोष्ट आहे. त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्राही आहे, उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. लोक त्या तरुणांची संख्या मोजताना कुत्र्यालाही मोजतात. परंपरेत त्याचं नाव कितमीर सांगतात. मुलगी म्हणाली, “दादी, यालाही उंबऱ्यावरच ठेवू.” अम्मी हसल्या आणि तिथेच हरल्या.

तेव्हापासून कितमीर बाल्कनीत राहतो. माझे त्याच्याबरोबरचे कपडे वेगळे, नमाजचे वेगळे. जानमाज गाडीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली असते. मस्जिदीतल्या एका बुजुर्गांनी मला एकदा बाजूला घेऊन समजावलं. मी ऐकून घेतलं. या मसल्यावर आपल्या इमामांचंच एकमत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. मालिकी फिकहमध्ये जिवंत कुत्रा पाक मानला जातो. हनफी त्याची लाळ नापाक मानतात, अंग नाही. शाफईंमध्ये अख्खा कुत्राच नजिस, ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. पुण्याकडचे आम्ही बहुतेक हनफी. भोरहून वरंधा घाट उतरून महाडला गेलात की कोकणी मुसलमान शाफई. माझी बहीण तिथे दिली आहे. तिच्याकडे जाताना कितमीर घरी राहतो, त्यावर वाद नसतो. एका घाटाच्या उतारावर मसला बदलतो आणि दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नात जेवतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

शिकारीसाठी, गुरं राखायला, शेत राखायला कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्येच आहे. माझा कितमीर यातलं काही करत नाही, हे कबूल करतो. पण तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केलं, हीसुद्धा आपलीच हदीस आहे. तिची आठवण घराघरात त्या मानाने कमी काढली जाते. असो.

तर त्या रविवारी उजाडताना आम्ही एका खोऱ्यात पोहोचलो. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येईल. भूगोल मात्र सांगतो. राजगड ज्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर आहे, त्याच्या भोवती नीरा, वेळवंडी, कानंदी आणि गुंजवणी या नद्यांची खोरी आहेत. जुन्या कागदांत गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं, हिरडस मावळ अशी नावं येतात. म्हणजे इथल्या माणसाने आपला मुलूख नदीवरून आणि खोऱ्यावरून ओळखला. तालुक्यांची नावं नंतरची. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय तर २०२४ सालचा. पण एसटीची वाट बघणारी माणसं अजून वेल्ह्यालाच जातात.

भोरच्या बाजूला वेळवंडीवर भाटघरचं धरण आहे. ब्रिटिश काळातलं, १९२८ साली पूर्ण झालेलं. तेव्हा त्याला गव्हर्नर लॉइड यांचं नाव होतं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, कारण कंकांचं भुतोंडे याच खोऱ्यातलं. मे महिन्यात पाणी उतरलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात. देवळाबरोबर नदीकाठच्या वाटाही पाण्याखाली गेल्या, त्या बघायला कुणी जात नाही. नदीकाठ बुडाला की माणसं वर सरकतात आणि वाटाही वर सरकतात. डोंगराच्या अंगावरून आडव्या जाणाऱ्या ज्या पायवाटा आपल्याला ‘ऐतिहासिक’ वाटतात, त्यातल्या काही धरणाने वर ढकललेल्या असतात. त्यांचं वय आजीच्या वयाएवढं असतं.

माझ्या फोनमध्ये एक वाट होती. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पळून अॅपवर टाकलेली लाल रेघ. चौदा किलोमीटरचा फेरा, एक खिंड, दोन वाड्या. सुरुवात झकास झाली. भाताची कापणी उरकत आली होती, खाचरात पेंढ्या उभ्या होत्या. बांधावरून जाताना मी कितमीरला पट्ट्यावर घेतलं आणि चालत गेलो. वर कारवीच्या झाडीत शिरल्यावर पट्टा लांब सोडला. पहिल्या चार किलोमीटरमध्ये दोनदा थांबावं लागलं, कारण दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. आपल्या मोज्यात जातात तशी ती कुत्र्याच्या बोटांत आणि कानात जातात आणि आत आतच सरकत राहतात. दर अर्ध्या तासाने पंजे तपासायचे, हा धडा मी डॉक्टरांच्या बिलातून शिकलो आहे.

पाचव्या किलोमीटरला लाल रेघ एका कुंपणात घुसली. सिमेंटचे खांब, काटेरी तार, आत आंब्याची कलमं आणि लांब एक लाल पत्र्याचं घर. पायवाट तारेखालून तशीच पुढे जाताना दिसत होती. कुंपण घालणाऱ्याला तार घालता आली होती, वाट पुसता आली नव्हती. मी फोन काढून फोटो घेत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

“कुत्रं धर बाबा, शेळ्या हायेत माझ्या.”

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली आजी. मी पट्टा आखडला. कितमीर खाली बसला. आजीने भारा टेकवला आणि विचारलं, “कुठं निघालाव?”

मी खिंडीचं नाव सांगितलं.

“हितनं न्हाई जायचं आता. पुण्याच्या शेटनं तार घातलीया. दोन वर्सं झाली. आमी बी वढ्याच्या कडंनं वळसा घेतो. रानात जायला अर्धा तास जास्ती.” मग कितमीरकडे बघून, “जीभ बघ केवढी लोंबतीया. पानी पाज की त्याला.”

तिच्या घरापर्यंत गेलो. खळ्यावर तिचा मुलगा भात झोडत होता. मला तांब्यात पाणी आलं, कितमीरला नारळाच्या करवंटीत. मी आडोसा बघून ओट्याच्या कडेला टेकलो. मुलाने झोडणी न थांबवता ओढ्याकडची वाट समजावली. उंबराशी डावीकडे, मग पाण्याच्या टाकीपासून सरळ धारेला लागायचं. हे सगळं बोलून झाल्यावर आजीने विचारलं, “नाव काय म्हनायचं?”

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या नावाचा पहिला भाग दोन्हीकडे चालतो. धावण्याच्या ग्रुपमध्ये, टपरीवर, अनोळखी गावात मी अनेकदा तेवढाच सांगतो आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून पटकन विषय बदलतो. ते खोटं नसतं. पण खरंही नसतं. हे वाचणाऱ्या कित्येकांना हा हिशेब ओळखीचा असेल. त्या दिवशी पाणी पिऊन झालं होतं, वाट सांगून झाली होती. अशा वेळी अर्धं नाव सांगणं मला जमेना. पूर्ण सांगितलं.

“म्हंजी खेड शिवापुराकडचं का? दर्ग्याकडचं?” आजीने विचारलं. तिच्या ओळखीचा मुसलमान म्हणजे कमरअली दरवेशांच्या दर्ग्याच्या आसपासचा. “आमी जायचो की उरुसाला. ह्याच्या बापानं तिथला धोंडा उचललाय बोटावर.” मी म्हटलं, दर्ग्याकडचा नाही, कोंढव्याचा. तिला त्यात फार फरक वाटला नाही. निघताना तिने दोन काकड्या हातात ठेवल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. ‘खेड्यात माणुसकी अजून शिल्लक आहे’ छापाचे लेख मला आवडत नाहीत. ओढ्याकडून वर चढून मी मोकळ्या माळावर आलो. तिथून खाली ते कुंपण पूर्ण दिसत होतं. पुन्हा एक फोटो काढला. मागून मोटारसायकल आली. पंचविशीतला एक तरुण उतरला.

“काय शूट करताय?”

सांगितलं.

“कुठले तुम्ही?”

“पुण्याचा.”

“नाव?”

सांगितलं.

“पूर्ण?”

पूर्ण सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. माझ्याकडे बघितलं, कितमीरकडे बघितलं. मग म्हणाला, “इकडं जरा बघून फिरत जा.” गाडीला किक मारून निघून गेला.

पुढचे सहा किलोमीटर मी त्या एका वाक्याबरोबर पळालो. धमकी होती का? सल्ला होता? आवाज चढलेला नव्हता. चेहरा कोरा होता. खिंडीतून तोरण्याचा झुंजार माचीकडचा भाग दिसत होता, ऊन सुरेख पडलं होतं आणि मी त्यातलं काही बघितलं नाही. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांवर आणि मस्जिदीवर झालेला हल्ला मला आठवत होता. भोर-वेल्ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण आपल्या मनातली भीती तालुक्याची हद्द बघून थांबत नाही.

खाली रस्त्याला लागल्यावर टपरीवर चहा घेतला. कितमीरला बघताच टपरीवाला म्हणाला, “सांभाळून फिरवा. मागच्या आठवड्यात वाडीतलं कुत्रं उचललं बिबट्यानं.” तिथे बसलेल्या आणखी दोघांनीही तेच सांगितलं. दिवस मावळायच्या आत निघा, कुत्र्याला मोकळं सोडू नका, बघून फिरा. शब्द जवळपास तेच होते.

तो तरुण बिबट्याबद्दल बोलला की आणखी कशाबद्दल, ते मला आजही ठरवता येत नाही. कदाचित दोन्ही. कदाचित त्याने फक्त बिबट्याबद्दलच सांगितलं आणि बाकीचं मी माझ्या मनातून भरलं. तसं असेल तर मी त्याच्यावर अन्याय केला. माणसाला साधा सल्लाही साधेपणाने ऐकता येऊ नये, इतकी अवस्था आली असेल तर ती एकट्या माझ्या मनाचा दोष नाही. पण थोडा माझाही आहे.

मला फरक दिसला तो प्रश्नांच्या क्रमात. आजीने आधी विचारलं कुठे निघालाव, मग पाणी दिलं, मग वाट सांगितली आणि सगळ्यात शेवटी नाव विचारलं. त्या तरुणाने आधी विचारलं काय करताय, मग नाव, मग पूर्ण नाव. वाट त्याने सांगितलीच नाही. प्रश्न दोघांचे जवळपास सारखेच होते. नाव विचारण्यात वाईट काहीच नाही. आपल्याकडे ओळख अशीच होते. पण वाट सांगायच्या आधी नाव विचारलं की ती ओळख राहत नाही, ती तपासणी होते. पुण्यात भाड्याचं घर शोधताना हा दुसरा क्रम मी पुष्कळदा अनुभवला आहे.

इतिहासाची आवड असलेले माझे मित्र अशा वेळी सांगतात की तू त्याला नूर बेगची आठवण करून द्यायचीस. सभासद बखरीत महाराजांच्या सुरुवातीच्या पायदळाचा सरनोबत म्हणून नूर बेगचं नाव येतं आणि पुढे ते पद याच मातीतल्या येसाजी कंकांकडे आलं. हे मलाही ठाऊक आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. पण डोंगरात पळणाऱ्या माणसाने साडेतीनशे वर्षांपूर्वीचा दाखला खिशात घेऊन का फिरावं? भाटघरच्या काठावर बसायला इतर कुणाला पूर्वजांचं प्रमाणपत्र लागत नाही. मलाही लागू नये.

आता ‘नव्या’ वाटेबद्दल. मी ज्या वाटेला नवी म्हणत होतो ती आजीची रानात जायची वाट होती. मढे घाट आणि उपांड्या घाटाच्या वाटांनी केळदची माणसं कोकणात उतरत आली, नेणं-आणणं करत आली. आज आपण तिथे जाऊन ‘अनएक्स्प्लोअर्ड’ असं लिहून फोटो टाकतो. रायरेश्वराच्या पठारावर जंगम कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात आणि शेती करतात. तिथे चढायला लोखंडी शिडी आहे. ती कितमीरला चढता येत नाही म्हणून आम्ही अजून वर गेलो नाही. पण वरची माणसं संसाराचं सामान त्याच शिडीवरून नेतात. आपल्याला जो थरार वाटतो ती त्यांची रोजची ये-जा आहे. सह्याद्रीत माणसाने न चाललेली वाट जवळपास नाहीच. तिथे शोधायचं काही नसतं, विचारायचं असतं.

आणि विचारणं आपण सोडून दिलं आहे. फोनमधली रेघ असली की गावातल्या कुणाशी बोलावं लागत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या त्या धावपटूने रेघ टाकली, तिच्यावर शंभर जणांनी अंगठे दाखवले असतील. पण वाट बंद झाल्याचं त्यांतल्या एकानेही लिहिलं नव्हतं. वाट तुटली की शहरातला माणूस दुसरी वाट शोधतो. आजी अर्धा तास जास्त चालते. म्हणून मी हल्ली माझी रेघ कुठेही टाकत नाही. ज्याला जायचं आहे त्याने गावात जाऊन विचारावं. त्यात दहा मिनिटं जातात. तेवढ्यात आपण कोण ते त्यांना कळतं, वाट कुणाची ते आपल्याला कळतं.

कुत्रा घेऊन जाणाऱ्यांनी तर जास्तच विचारायला हवं. आपला कुत्रा कितीही गुणाचा असला तरी शेळीला ते माहीत नसतं. खळ्यावर, गोठ्याजवळ, वाडीत पट्टा हातातच हवा. रानात भेकर, ससे आहेत, त्यांच्या मागे मोकळा सुटलेला कुत्रा म्हणजे आपण आणलेली आपत्ती. रेबीजची लस झालेली हवी. ऊन चढायच्या आत परतायला हवं, कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. आणि किल्ल्यांच्या पायथ्याचे जे कुत्रे बिस्किटाच्या आशेने पर्यटकांमागे डोंगर ओलांडून येतात, त्यांना दुसऱ्या खोऱ्यात तसंच सोडून गाडीत बसणाऱ्यांनी एकदा मागे वळून बघावं. त्याला परतायला एसटी नसते आणि तिथले कुत्रे त्याला गावात घेत नाहीत.

राहिलं कुंपण. भोर-वेल्ह्यात पुण्या-मुंबईच्या लोकांनी जमिनी घेतल्या, फार्महाऊस बांधली. त्यात बेकायदा काही नाही, आणि घेणाऱ्यांत माझ्यासारखे नोकरदारही आहेत. पण सातबारा नावावर झाला म्हणजे त्यातून जाणारी वाट आपोआप नावावर होत नाही. जुन्या गाव नकाशावर तुटक रेघांनी वाटा दाखवलेल्या असतात. दुहेरी तुटक रेघ गाडीमार्गाची, एकेरी तुटक रेघ पायमार्गाची. वहिवाटीची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो आणि अडथळा काढण्याचा आदेश मिळू शकतो. अट एकच, आणि तीच घात करते. हा दावा अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. शेतकऱ्याला शेतात जायला बांधावरून रस्ता मागायचा असेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. शेतरस्त्यांबद्दल गावोगावी बोललं जातं, कारण त्यावरून ट्रॅक्टर जातो. पायवाटेवरून फक्त माणसं जातात, त्यातही बहुतेक बाया.

आजीच्या वाटेला तार पडून दोन वर्षं झाली आहेत. त्या दोन वर्षांत तिथून माझ्यासारखे किती जण गेले असतील. त्यांत वकील असतील, सरकारी अधिकारी असतील. तारेचा फोटो काढून त्यावरची तारीख गावातल्या कुणाला एकाने जरी पाठवली असती, तर सहा महिने वाया गेले नसते. धावणाऱ्यांच्या ग्रुपांना माझं सांगणं एवढंच आहे. आपण वर्षातून एकदा कचरा गोळा करायला जातो, ते चांगलं आहे. त्याबरोबर कुठली वाट कुणी अडवली आहे तेही विचारावं, लिहून ठेवावं आणि गावकऱ्यांनी अर्ज करायचं ठरवलं तर त्यांच्यामागे उभं राहावं. ज्या वाटेवर आपण फुकट पळतो तिचं एवढं देणं लागतं.

आणि माझ्या मुसलमान वाचकांना, विशेषतः तरुणांना. आपला रविवार मोहल्ल्यात, मॉलमध्ये किंवा बिर्याणीच्या दुकानासमोर जातो. डोंगर ‘त्यांचे’ आहेत असं आपणच मनाशी ठरवून टाकलं आहे. जमिनीवर हिंडा, फिरा, बघा, असं कुरआन पुन्हा पुन्हा सांगतं, त्यात घाटमाथा वगळलेला नाही. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मलाही वाटते. एकटं जाऊ नका, दोघं-तिघं जा, अंधार करू नका, देवळाच्या आवारात तिथले लोक वागतात तसं वागा, गडावर गोंधळ घालू नका. पण जा. आणि वाट विचारा. न विचारता गेलात तर आजी भेटणारच नाही, फक्त मोटारसायकलवाला भेटेल, आणि घरी येऊन तेवढंच सांगाल.

इतर वाचकांना एकच विनंती. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत कुणी वाट विचारली तर आधी वाट सांगा. नाव नंतर विचारा, खुशाल विचारा, आम्ही सांगू.

मागच्या आठवड्यात आजीच्या मुलाला फोन केला. कायद्याचं सांगितलं. सहा महिन्यांचं ऐकून तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, वाडीतल्या आणखी चार घरांची तीच वाट आहे, सगळ्यांना विचारून गाव नकाशाची नक्कल काढतो, वकिलाला दाखवतो, मग बघू. तिकडून आजीचा आवाज आला, “त्या कुत्र्यावाल्याला म्हनावं, ये. पन बांधून आन.”